दहा वावरांवरून मंडळाची परीक्षा

कला शाखेच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राचे नाव काढले की त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. गणितापासून सुटका व्हावी म्हणूनच तर तो आपल्याकडे आलेला असतो! अर्थशास्त्राच्या वर्गात सरासरी आणि प्रमाण विचलन येथपर्यंत तो कसाबसा येतो. परंतु ‘परिकल्पना परीक्षण’ हे शब्द फळ्यावर उमटले की मागच्या बाकांवर कुजबूज सुरू होते. गेली अनेक वर्षे मी हा भाग शिकवीत आहे आणि तो मला चांगला समजला आहे असे मी धरून चाललो होतो. एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारून माझा तो समज दूर केला. त्या दोन प्रश्नांची थोडी सावकाश उत्तरे द्यावीत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

फेब्रुवारीतील गोष्ट. पीकविम्याचे निकाल गावोगावी कळू लागले होते. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलेमुली रिठद, केनवड, मोप, वाकद, भर जहाँगीर अशा गावांतून एस.टी.ने येणारी आणि घरी सोयाबीन व तूर पिकविणारी. नमुना पद्धतीवर बोलत असताना शेवटून दुसऱ्या बाकावरील मुलगी उठून उभी राहिली.

“सर, दहा वावरं कापून साऱ्या मंडळाचं कसं काय समजते? आमच्या घरी तर एकरी तीन क्विंटलबी नाही झालं. अन् मंडळाची सरासरी म्हणे उंबरठ्याच्या वर हाय.”

वर्ग हसला. मी मात्र हसण्याच्या स्थितीत नव्हतो, कारण मला नेमके उत्तर सुचले नाही. “सरासरी ही सरासरीच असते, त्यात कोणाला कमी, कोणाला जास्त,” असे काहीतरी गुळमुळीत बोलून मी पुढे गेलो. तिच्या प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न होते. मंडळाच्या सरासरीवरून तिच्या वावराचे काही सांगता येते काय, हा एक. आणि दहा वावरांच्या सरासरीवरून मंडळाची सरासरी सांगता येते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. विमा क्षेत्राच्या सरासरीवर चालणारी योजना एकट्या शेतकऱ्याच्या नुकसानीकडे पाहतच नाही. मंडळ बुडाले तर सर्वांना मिळते आणि मंडळ तरले तर बुडालेल्यालाही मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘होय, पण’ असे आहे, आणि त्या ‘पण’मध्येच सगळे शास्त्र भरलेले आहे.

आधी वावरात काय घडते ते पाहू. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे विम्याचे क्षेत्र धरतात, आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा एका मंडळात एका पिकाचे किमान दहा पीक कापणी प्रयोग व्हावे लागतात. ग्रामपंचायत हे क्षेत्र धरले तर प्रमुख पिकासाठी किमान चार. महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तिन्ही खात्यांची माणसे हे काम वाटून घेतात. गाव, गट क्रमांक आणि त्या गटातील जागा हे सारे कोणाच्या मर्जीने ठरवायचे नसते. यादृच्छिक अंकांवरून ठरवायचे असते. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून नेमून दिलेली पावले चालायची, तेथे खुंटी ठोकायची, दोरी लावून तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि दाणे तोलायचे. त्यावरून हेक्टरी उत्पन्न निघते. दहा तुकड्यांची सरासरी हा त्या मंडळाच्या ‘प्रत्यक्ष उत्पन्ना’चा आधार असतो.

त्याची तुलना ‘उंबरठा उत्पन्ना’शी होते. सुधारित सूचनांप्रमाणे मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिला जोखीमस्तराने गुणतात, आणि जो आकडा येतो तो उंबरठा. प्रत्यक्ष उत्पन्न उंबरठ्याच्या खाली गेले तर जितके टक्के तूट, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई. वर राहिले तर त्या हिशेबाने काहीच नाही. मग ते एका किलोने वर असो की शंभर किलोंनी.

आता आपल्याकडची एक जुनी म्हण आठवावी: शितावरून भाताची परीक्षा. घरातील बाई एक शीत दोन बोटांत चेपते आणि सारा भात शिजला की नाही ते सांगते. तिला नमुना पद्धत कोणी शिकविलेली नसते, तरी तिचा निष्कर्ष सहसा चुकत नाही. याचे कारण असे की भांडे एक, पाणी एक, जाळ एक आणि तांदूळही एकाच जातीचा. शिते एकमेकांसारखी असतात, म्हणून एकच पुरते. वावरे अशी नसतात. एकाची जमीन काळी कसदार, दुसऱ्याची बरड. एक पैनगंगेच्या काठचे, दुसरे उताराचे. एकाकडे पाऊस वेळेवर आला, दुसऱ्याच्या शेंगा भरण्याच्या वेळीच त्याने दडी मारली. जेथे शिते एकमेकांसारखी नाहीत तेथे एका शिताने भागत नाही. अनेक घ्यावी लागतात, ती भांड्याच्या सगळ्या भागांतून घ्यावी लागतात, आणि तरीही उत्तरात थोडी चूक राहणार हे मान्य करावे लागते. ती चूक किती असू शकते हे मोजणे, हेच संख्याशास्त्राचे काम.

सगळ्या मंडळातील सगळी सोयाबीनची वावरे मिळून जो समूह होतो त्याला ‘समष्टी’ म्हणतात. कापलेले दहा तुकडे हा ‘नमुना’. समष्टीची सरासरी एकच आहे, निश्चित आहे, परंतु ती आपल्याला दिसत नाही. नमुन्याची सरासरी आपल्याला दिसते, पण ती निश्चित नाही. दुसरे दहा तुकडे कापले असते तर दुसरी आली असती. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याविषयी बोलायचे, आणि बोलताना तोल सांभाळायचा, असा हा सारा खटाटोप आहे.

हे काम आपल्या देशात नवे नाही. १९२० च्या दशकात हबॅक नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे उत्पन्न नमुना तुकडे कापून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकाच्या पाहण्या केल्या. आणि या कामी सर्वांत मोठा वाटा असलेल्या माणसांपैकी एक आपला मराठी माणूस आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे लंडनला गेले. परिकल्पना परीक्षणाचे आजचे शास्त्र ज्यांनी १९३३ साली एका प्रसिद्ध निबंधात मांडले त्या नेमान आणि एगॉन पिअर्सन यांच्या सहवासात त्यांनी संशोधन केले. १९४० साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कामात रुजू झाले आणि लंडनमध्ये शिकलेले शास्त्र त्यांनी गव्हा-भाताच्या शेतात उतरविले. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेले कृषी संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले व कृषी महाविद्यालयांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. कोपऱ्यापासून पावले मोजून खुंटी ठोकण्याची जी रीत आज आपल्या गावात दिसते तिच्यामागे या मंडळींचे परिश्रम आहेत.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळू. पुढील आकडे मी शिकविण्यापुरते मनाने घेतलेले आहेत, ते कोणत्याही मंडळाचे नव्हेत. समजा, तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. म्हणजे ५० चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यातील दाण्यांच्या किलोंना २०० ने गुणले की हेक्टरी उत्पन्न मिळते. समजा, उंबरठा हेक्टरी १००० किलो आहे, म्हणजे तुकड्यामागे ५ किलो. आपल्या भाषेत एकरी सुमारे चार क्विंटल. दहा तुकड्यांत निघालेले सोयाबीन किलोंमध्ये असे:

४.१, ५.६, ३.२, ४.८, ६.३, ३.७, ५.२, २.९, ५.९, ४.३

बेरीज ४६, सरासरी ४.६. म्हणजे हेक्टरी ९२० किलो. उंबरठ्यापेक्षा ८० किलो कमी. प्रश्न असा की, मंडळाचे उत्पन्न खरोखरच घटले आहे काय? की उत्पन्न ५ किलोच आहे आणि योगायोगाने आपल्या खुंट्या थोड्या उण्या वावरांत पडल्या?

मी वर्गात बिस्किटाचा एक रिकामा डबा आणला होता. त्यात साठ चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकीवर मी मनाने एक आकडा लिहिला होता, पण अशा बेताने की साठांची सरासरी बरोबर ५ यावी आणि आकड्यांची पसरण वरील दहा आकड्यांइतकीच असावी. हा डबा म्हणजे ‘उत्पन्न घटलेले नाही’ असे मानलेले मंडळ. मुलांनी पाळीपाळीने डबा हलवून दहा चिठ्ठ्या काढायच्या, सरासरी सांगायची, चिठ्ठ्या परत टाकायच्या. असे वीस वेळा केले. डब्याची सरासरी पक्की ५ असूनही दहा चिठ्ठ्यांची सरासरी कधी ५.५ च्या पुढे गेली, कधी ४.४ पर्यंत उतरली. वीसांपैकी तीन वेळा ती ४.६ किंवा त्याहून कमी आली.

परिकल्पना परीक्षण म्हणजे याहून फारसे निराळे काही नाही. ‘काही घडलेले नाही, सरासरी ५ च आहे’ असे प्रथम मानायचे. ही ‘शून्य परिकल्पना’. ‘सरासरी ५ पेक्षा कमी आहे’ ही ‘पर्यायी परिकल्पना’. मग विचारायचे की, शून्य परिकल्पना खरी असती तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने कितीदा दिसला असता? फार क्वचित दिसला असता, तर योगायोगाची सबब सोडून द्यायची आणि शून्य परिकल्पना फेटाळायची. बऱ्याचदा दिसला असता, तर फेटाळता येत नाही. क्वचित म्हणजे किती, याला प्रथा आहे. शंभरांत पाच वेळा, म्हणजे वीसांत एकदा. तिला सार्थकता पातळी म्हणतात. आमच्या डब्यात वीसांत तीनदा आले. म्हणजे ४.६ ही सरासरी फारशी दुर्मीळ नाही.

दर वेळी डबा हलवीत बसायला नको म्हणून गणित आहे. दहा आकड्यांचे प्रमाण विचलन सुमारे १.१५ येते. ही एका वावराच्या उत्पन्नाची चढउतार. दहांच्या सरासरीची चढउतार त्याहून कमी असते, कारण उणेअधिक एकमेकांत जिरते. ती काढण्यासाठी १.१५ ला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागतात. सुमारे ०.३६५ येते. हिला ‘प्रमाण त्रुटी’ म्हणतात. आता ५ वजा ४.६ म्हणजे ०.४ ची तूट, ती प्रमाण त्रुटीच्या कितीपट? ०.४ भागिले ०.३६५, म्हणजे सुमारे १.१० पट. याला ‘टी’ मूल्य म्हणतात. दहा निरीक्षणांसाठी कोष्टकात पाच टक्के पातळीवर सीमा दिली आहे १.८३. आपली तूट त्या सीमेपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही.

हे ‘टी’चे कोष्टक कोठून आले तेही ऐकण्यासारखे आहे. डब्लिन शहरातील गिनेस या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्यापुढेही सातूच्या थोड्याशा नमुन्यांवरून निर्णय घेण्याचा प्रश्न असे. मोठ्या नमुन्यांसाठी गणित तयार होते, लहानांसाठी नव्हते. कारखाना नोकरांना आपल्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ म्हणजे विद्यार्थी या टोपणनावाने आपला निबंध छापला. आपले सूत्र पडताळण्यासाठी त्याने तीन हजार माणसांची मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ती पिसली आणि चार-चारचे साडेसातशे नमुने काढले. आमच्या बिस्किटाच्या डब्याचा हा थोरला भाऊ! पुढे फिशर यांनी त्या कामाला पक्के रूप दिले. डब्लिनच्या सातूसाठी निघालेले कोष्टक आज सोयाबीनलाही चालते, मात्र वावरांच्या उत्पन्नांची विभागणी साधारण घंटेच्या आकाराची असावी, एवढी अट लक्षात ठेवावी.

आता माझी चूक. हे सारे गणित फळ्यावर पूर्ण केल्यावर मी शेवटची ओळ लिहिली: ‘शून्य परिकल्पना मान्य. म्हणून मंडळाचे उत्पन्न घटलेले नाही.’ आणि खडू ठेवला. तीच मुलगी पुन्हा उठली.

“सर, पाचाच्या जागी चार धरून करून पाहा ना. आमच्या गावात सारे म्हणतात का पाचाचे चारच झाले.”

मला तिचा हट्ट थोडा गमतीचा वाटला, तरी मी फळा पुसून पुन्हा मांडणी केली. या वेळी शून्य परिकल्पना अशी, की मंडळाची सरासरी ४ किलो आहे, म्हणजे वीस टक्के घट झालेली आहे. पर्यायी परिकल्पना अशी, की सरासरी ४ पेक्षा जास्त आहे. नमुन्याची सरासरी तीच, ४.६. फरक ०.६. भागिले ०.३६५. उत्तर सुमारे १.६४. सीमा तीच, १.८३. ही परिकल्पनाही फेटाळता येत नाही!

वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. त्याच दहा आकड्यांवरून ‘घट झालेली नाही’ हेही फेटाळता येत नव्हते आणि ‘वीस टक्के घट झाली आहे’ हेही फेटाळता येत नव्हते. माझ्या मघाच्या ओळीप्रमाणे बोलायचे तर दोन्ही ‘मान्य’ झाल्या होत्या आणि त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नाही. मी फळ्यावर मघा लिहिलेला शब्द चुकला होता. ‘मान्य’ असे लिहायचे नव्हते. ‘फेटाळण्याइतका पुरावा नाही’ असे लिहायचे होते. अनेक वर्षे मी हा शब्द सैलपणे वापरीत आलो होतो आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून त्याला गुणही देत आलो होतो.

न्यायालयाचे उदाहरण घ्या. आरोपी निर्दोष आहे असे मानून खटला सुरू होतो. पुरावा पुरेसा नसेल तर तो सुटतो. त्यामुळे त्याने गुन्हा केलाच नव्हता असे सिद्ध होत नाही. सिद्ध करता आले नाही एवढेच ठरते. पुरावा तोकडा असला म्हणजे ज्याच्यावर सिद्ध करण्याचा भार असतो तो हरतो. परीक्षणातही तसेच आहे. ‘घट नाही’ हे गृहीत धरले की घट सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. ‘वीस टक्के घट आहे’ हे गृहीत धरले की ती नाही असे दाखविण्याचा भार पैसे देणाऱ्यावर पडतो. दहा तुकड्यांत इतकी पसरण असेल तर दोघांनाही तो भार पेलणार नाही. म्हणून शून्य परिकल्पना कोणती ठेवावी, हा गणिताचा प्रश्न नाही. कोणती चूक अधिक वाईट, याचा तो प्रश्न आहे, आणि तेथे अर्थशास्त्राच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे.

नेमान आणि पिअर्सन यांनी हेच दोन चुकांच्या भाषेत सांगितले. घट नसताना घट आहे म्हणणे ही पहिल्या प्रकारची चूक. येथे पैसे देणाऱ्याचे नुकसान. घट असताना ती नाही म्हणणे ही दुसऱ्या प्रकारची. येथे शेतकऱ्याचे नुकसान. पाच टक्क्यांची प्रथा पहिल्या चुकीला वेसण घालते. दुसऱ्या चुकीबद्दल ती काहीच हमी देत नाही. नमुना तेवढाच ठेवून एक चूक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या असतील तर वावरे जास्त कापावी लागतात, किंवा एकसारखी वावरे आधी वेगळी काढून पसरण तरी कमी करावी लागते.

चाळीस तुकडे कापले असते आणि सरासरी तीच ४.६, पसरणही तीच आली असती, तर प्रमाण त्रुटी निम्मी, म्हणजे सुमारे ०.१८ झाली असती. मग ०.४ ची तूट २.१९ पट ठरली असती आणि सीमा सुमारे १.६८. शून्य परिकल्पना फेटाळली गेली असती. तूट तेवढीच, पण आता तिच्यावर विश्वास ठेवता आला असता. नमुना चौपट केला तेव्हा त्रुटी निम्मी झाली हेही ध्यानात घ्यावे. कापणीचे दिवस थोडे, माणसे थोडी. चौपट प्रयोग म्हणजे चौपट धावपळ. म्हणून हा प्रश्न सोपा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

विम्याच्या सूत्रात मात्र हे परीक्षण नाहीच. तेथे सरळ वजाबाकी आहे. आपल्या उदाहरणात १००० उणे ९२० म्हणजे ८ टक्के तूट, म्हणून ८ टक्के भरपाई. गणिताने विचारले तर तो म्हणेल की मंडळाची खरी सरासरी ७५५ पासून १०८५ किलोंपर्यंत कोठेही असू शकते. शंभरांत पंचाण्णव वेळा खरे ठरणाऱ्या रीतीने काढलेली ही मर्यादा आहे. म्हणजे खरी तूट शून्यही असेल, पाव भागही असेल. सूत्राला हे अंतर दिसत नाही. त्याला एकच आकडा दिसतो. त्यात उंबरठाही मागच्या वर्षांच्या अशाच कापण्यांतून आलेला, म्हणजे त्यालाही त्याची त्रुटी आहेच. पैसेवारीचेही असेच आहे. पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर गावाची कितीतरी वर्षे ठरत आली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरविताना पाऊस, जमिनीतील ओल, पिकांची हिरवाई असे इतर निकष पुढे आले. तरीही पैसेवारीचा आकडा आजही आपण उत्सुकतेने वाचतो. ४९ आणि ५१ यांत खरा फरक आहे की कापणीच्या खुंटीचा, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला अजून लागायची आहे.

एक शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. वरील सर्व गणित एका अटीवर उभे आहे: खुंटी जेथे पडायची तेथेच पडली पाहिजे. रस्त्याकडचे वावर सोईचे म्हणून तेच कापले, किंवा दोन तुकडे एकाच बांधाला लागून घेतले आणि दहा मोजले, तर प्रमाण त्रुटीचे सूत्र निरर्थक होते. अशी चूक नमुना वाढविल्याने जात नाही. शंभर तुकडे कापले तरी ती तितकीच राहते. सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले की फार लहान तुकडे कापले तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, कारण कडेवरची झाडे आत ओढून घेण्याकडे कापणाऱ्याचा हात आपोआप वळतो. यात कोणाची लबाडी नसते. लहान तुकड्यांच्या पक्षाचे महालनोबिस आणि मोठ्या तुकड्यांच्या पक्षाचे सुखात्मे यांच्यात यावर बराच वाद झाला. दोघेही थोर होते आणि वाद होता तो दोरी कोठे ताणायची याचा! मोठी माणसे किती लहान वाटणाऱ्या गोष्टींवर भांडतात, आणि ते भांडण किती उपयोगी असते, याचे हे उदाहरण आहे.

असो. पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला वर्गासमोर सांगितले की माझी ओळ चुकली होती आणि तिचा प्रश्न बरोबर होता. तिच्या घरच्या सोयाबीनची भरपाई त्याने मिळणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होते. तिने वहीत ‘मान्य’ खोडून ‘फेटाळण्याइतका पुरावा नाही’ असे लिहिले आणि विचारले, “सर, यंदा आमच्या गावात कापणी झाली तर पाहायला जाता येते का?”

जाता येते. जावेच. विद्यार्थिमित्रहो, येत्या हंगामात तुमच्या गावी कापणी प्रयोग असेल तेव्हा बांधावर उभे राहा आणि तीन गोष्टी पाहा. वावर कशावरून निवडले? दोरी कोठे ताणली? आणि मंडळात एकूण किती तुकडे कापले व त्यांत पसरण किती आली? सरासरी तर सगळेच सांगतील. तिच्याबरोबर तिची त्रुटीही सांगा, असे नम्रपणे म्हणता येण्याइतके संख्याशास्त्र आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला आले, तर शिकविल्याचे चीज झाले असे मी समजेन.